बोर्ड गेला, असं कानसेन म्हणाले

कानसेनांचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. बाकी सगळ्या रस्त्याला ते कानसेनच. हे नाव रेडिओच्या काळातलं. लोक बिघडलेला रेडिओ घेऊन यायचे आणि हे तो न उघडता काउंटरवर ठेवायचे, बटण फिरवायचे, मान तिरकी करून दोन मिनिटं त्याची खरखर ऐकायचे आणि सांगायचे, "कंडेन्सर गेलाय." झाकण उघडलं की कंडेन्सरच गेलेला निघायचा. रेडिओ संपले, मग टेपरेकॉर्डर संपले, आणि चाळिशीला टेकलेल्या या माणसाने कॉम्प्युटर उघडायला घेतले. लोक म्हणाले, आता काय ऐकणार? पण कॉम्प्युटरही बोलतो, हे लोकांना ठाऊक नसतं. जुन्या पद्धतीच्या मोठ्या डब्यात एक बोंडाएवढा भोंगा असतो. सगळं ठीक असेल तर सुरू होताना तो एकदाच आखूड वाजतो. मेमरी, म्हणजे रॅम सापडली नाही तर तीनदा लांब ओरडतो. पडद्याचं कार्ड बिघडलं तर एकदा लांब, दोनदा आखूड. बोर्डागणिक, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटागणिक, भाषा थोडी बदलते, पण कानसेनांना सगळ्या बोली यायच्या. बाकीचे दुकानदार वस्तू विकत. यांच्या दुकानात विकायला काही नव्हतंच, त्यांचा शब्द होता. "गेला" म्हणाले की गेला, "जगेल" म्हणाले की जगेल. तेवढ्या भांडवलावर संसार झाला, मुलगी शिकली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली.

आणि गेली दोन वर्षं त्यांना ऐकू कमी येत होतं.

हे त्यांच्या बायकोला माहीत होतं, त्यांना मान्य नव्हतं. बायको टेलिफोन ऑफिसातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली. तीस वर्षं कानात लोकांचे आवाज भरून घेतलेली बाई, तिला कानातलं कळणार नाही तर कुणाला?

"अहो, तुम्हाला ऐकू कमी येतंय."

"तू पुटपुटतेस."

"मी पुटपुटते? मी पुटपुटले असते तर अर्धं गाव राँग नंबरवर संसार करत बसलं असतं!"

यावर ते टीव्हीचा आवाज आणखी वाढवत. पालथ्या घड्यावर पाणी. पुरुषांना चष्मा लागला तर ते चारचौघांत मिरवतात, दात पडले तर त्यावर विनोद करतात, पण कानाचं नाव काढलं की तोंड फिरवतात. त्यात यांचं तर नावच कानसेन.

एक गोष्ट मात्र त्यांना स्वतःलाही जाणवत होती, ती म्हणजे थकवा. दिवसभरात चार डबे उघडायचे, त्यातले दोन नुसती धूळ झटकून चालू व्हायचे, तरी पाच वाजेपर्यंत माणूस ओल्या पोत्यासारखा व्हायचा. कपाळ दुखायचं. समोरच्याच्या ओठांकडे बघून बघून डोळे जड व्हायचे. त्यांना वाटायचं, वय झालं. वय झालं होतंच, पण कानाने सोडलेलं काम कपाळाला करावं लागत होतं, त्याचा तो शीण होता. हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, तू पुटपुटतोस.

त्या गुरुवारी सकाळी घरांचे नकाशे काढणाऱ्या बाई दुकानात आल्या, आपला कॉम्प्युटर पोटाशी धरून. दोनच दिवसांपूर्वी कानसेनांनी त्याची रॅम वाढवून दिली होती. जुनी पट्टी काढली, दुप्पट ताकदीच्या दोन नव्या बसवल्या, बटण दाबलं, पडदा उजळला, काम झालं.

"काका, तुमच्याकडे झकास चालू झाला," बाई म्हणाल्या. त्या मोठ्याने आणि तोंड उघडून बोलायच्या, म्हणून कानसेनांना त्या आवडायच्या. "घरी नेला, टेबलावर ठेवला, बटण दाबलं. पंखा फिरतोय आणि पडदा काळा ठिक्कर."

"वाटेत आपटला का?"

"मागच्या सीटवर, खाली उशी आणि वरून पट्टा बांधून नेला. नवऱ्यालाही मी एवढं जपून नेत नाही. काका, उद्या सकाळी कंत्राटदार साइटवर उभा राहणार आहे आणि त्याचा अख्खा जिना या डब्यात आहे. जिन्याशिवाय काय, लोकांना वर फेकणार का?"

"बसा. बघू."

दुकान जिन्याखालचं. खोलीच्या एका बाजूला कानसेन ताठ उभे राहू शकत, दुसऱ्या बाजूला मान खाली घालून काम करावं लागे. वर एक पंखा, मागे हवा बाहेर टाकणारा दुसरा, दोघे मिळून दिवसभर घरघरत. बाई स्टुलावर बसल्या. कानसेनांनी कामाला हात घातला आणि पद्धतीने, पायरी न चुकवता, एकेक गोष्ट तपासत गेले. या बाबतीत त्यांना नाव ठेवायला जागा नाही. वीज येतेय? येतेय. पडद्याची वायर घट्ट? घट्ट. पडदा बदलून पाहिला, तोही काळाच. झाकण काढलं. बोर्डावरचा पंखा फिरतोय. वीज काढून दोन्ही पट्ट्या बाहेर घेतल्या, त्यांचे पिवळे दात शाळेतल्या रबराने खसाखसा पुसले, पुन्हा खाचेत दाबल्या. टक्. बटण दाबलं. काळा पडदा. दोन्ही नव्या काढून जुनी पट्टी पहिल्या खाचेत घातली, कारण या बोर्डाला पहिल्या खाचेत काहीतरी लागतंच. काळा. नाण्याएवढी बॅटरी काढून पाच मिनिटं बाजूला ठेवली, म्हणजे बोर्ड सगळं विसरून नव्याने सुरुवात करतो. पुन्हा घातली. काळा.

मग त्यांनी शेवटची गोष्ट केली. बटण दाबलं, मान तिरकी केली आणि बोर्डावर कान लावला. दोन मिनिटं. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

कानसेन ताठ झाले, डोकं जिन्याला आपटणार नाही इतपत, आणि म्हणाले, "बोर्ड गेला."

"गेला म्हणजे?"

"गेला म्हणजे गेला. आता नवा बोर्ड. या जातीचा मिळायला आठवडा लागेल."

"अहो काका, आठवडा? परवा तर धडधाकट होता! नुसती रॅम घातली तर बोर्ड कसा जाईल?"

"तेच सांगतो. हे बघा, रॅमचा दोष असता तर हा तीनदा ओरडला असता. कार्डाचा असता तर वेगळं ओरडला असता. आजारी माणूस कण्हतो तरी. याचा हुं नाही की चूं नाही. आवाजच नाही, म्हणजे बोर्डच गेला."

बाईंनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"काका, ओरडतोय की तो."

"कोण?"

"हाच! पंखा सुरू झाल्यापासून बोंबलतोय. मला वाटलं तुम्ही मुद्दाम ओरडू देताय."

कानसेन हसले. असं समजुतीचं हसू गिऱ्हाइकासाठी त्यांच्याकडे तयार असायचं. "ते शेजारच्या औषधवाल्याचं फ्रीज असेल, बाई. ते असंच करतं."

"फ्रीज? थांबा." बाई उठल्या. त्यांनी स्वतः बटण बंद केलं, स्वतः चालू केलं, आणि तोंडाने काही न बोलता एक बोट वर केलं. मग दुसरं. मग तिसरं. हात खाली. थोड्या वेळाने पुन्हा एक, दोन, तीन.

कानसेन त्या बोटांकडे बघत राहिले. दुकानात घरघर होती, तेवढीच. बोटं वर जात होती, खाली येत होती. त्यांना वाटलं, बाईंना थट्टा सुचतेय, जिना डोक्यावर असताना कशी सुचते कोण जाणे.

तेवढ्यात त्यांची बायको जेवणाचा डबा घेऊन दारात आली. तिला इथल्या बोलण्याचा काही पत्ता नव्हता. पायातल्या चपला काढायच्या आधी ती म्हणाली, "अहो, काय केकाटतंय ते? बंद करा आधी, रस्त्यापर्यंत ऐकू येतंय."

झालं. हातच्या काकणाला आरसा कशाला?

कानसेनांनी बंद केलं.  बायकोने बाईंकडे पाहिलं, बाईंनी बायकोकडे, आणि दोघींना एकदमच काय ते कळलं. बायका अशा वेळी बोलत नाहीत. डबा एका कोपऱ्यात सरकवला गेला, स्टूल थोडं मागे घेतलं गेलं, एवढंच.

कानसेनांनी पट्टी बाहेर काढली. या वेळी कान बाजूला ठेवला आणि टॉर्चचा उजेड पहिल्या खाचेत पाडला. खाचेच्या दोन टोकांना दोन क्लिपा असतात. पट्टी पूर्ण आत गेली की दोन्ही उभ्या राहून तिला धरतात आणि टक् असा आवाज येतो. तीस वर्षं ते या आवाजावर पट्ट्या बसवत आले होते. उजवी क्लिप ठीक होती. डाव्या क्लिपेच्या बुडाशी धुळीचा बोळा आणि त्यात गुंडाळलेला एक लांब केस होता. ती पूर्ण उभी राहतच नव्हती. पट्टी एका बाजूने धरलेली, दुसऱ्या बाजूने नुसती टेकलेली. मंगळवारी टेकल्या टेकल्या चालली आणि गाडीच्या हिसक्यांनी सुटली. त्यानंतर नवी घाला, जुनी घाला, तिथे बसणार कोण?

आणि टक् आवाज? तो तर त्यांनी ऐकला होता. मंगळवारी ऐकला, आज दोनदा ऐकला. हातातली पट्टी बाजूला ठेवून ते क्षणभर उभे राहिले. तो आवाज आलाच नव्हता. यायची वेळ झाली की तो त्यांना ऐकू यायचा, इतकी सवय.

ब्रशने बोळा काढला. नवी पट्टी दाबली, डाव्या क्लिपेकडे डोळे लावून. ती उभी राहिली. दुसरीही बसवली. बटण दाबलं. बायकोने हळूच एक बोट वर केलं आणि ठेवून दिलं. पडदा उजळला.

"काका! झालं की!" बाईंनी टाळी वाजवली. "मग तोंड असं का करताय?" कंत्राटदाराचा जिना पडद्यावर आला, सगळ्या पायऱ्या जागच्या जागी, तो त्यांनी तिथेच उघडून पाहिला. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "आणि काका, ते 'गेला' एवढ्या झटकन म्हणू नका हो. बोर्ड राहिला बाजूला, माझाच जीव गेला होता."

त्या गेल्यावर कानसेनांना बायको बोलेल असं वाटत होतं. दोन वर्षं तिने साठवलेलं सगळं आज बाहेर काढायचा तिचा हक्कच होता. ती डबा उघडून भाजी वाढत होती. न बोलणं जास्त लागलं.

"फळीवर पाच आहेत," ते म्हणाले.

"काय पाच?"

"बोर्ड. मी 'गेला' म्हटलेले. गेल्या दीड वर्षातले. लोकांनी नवे घेतले, जुने इथेच टाकून गेले."

बायकोचा हात थांबला. "आधी जेवा."

"नंतर जेवतो."

त्यांनी माळ्याच्या फळीवरून पाचही काढले. प्रत्येकावर खडूने त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: कुणाचा, आणि खाली 'गेला'. स्टुलावर बायको बसली, तीस वर्षांपूर्वी हेडफोन लावून बसायची तशी, पाठ ताठ, हात मांडीवर. कानसेन एकेक बोर्ड दुकानातल्या विजेला जोडत, दुकानातली एक खात्रीची पट्टी घालत आणि तिच्या हाताकडे बघत.

पहिला. हात हलला नाही.

"नक्की?"

"नक्की. खरंच गेलाय."

दुसराही मेलेलाच होता. त्यांना जरा बरं वाटलं, मेलेल्या वस्तूने बरं वाटावं अशी वेळ. तिसऱ्याला बायकोची बोटं वर गेली. एक, दोन, तीन. खाचेत धूळ होती, लोकांच्या घरात असते तशीच. ती काढली, पट्टी डोळ्याने बसवली. एकच बोट. जिवंत. चौथा मेलेला. पाचवा जिवंत, पण त्याचा मालक गाव सोडून गेलेला, पत्ता नाही.

तिसऱ्यावर खडूने लिहिलं होतं: औषधवाला.

औषधवाला म्हणजे भिंतीपलीकडचा. पंचवीस वर्षांचा शेजार, अरेतुरेचा. कानसेनांनी बोर्ड कागदात गुंडाळायला घेतला, तेव्हा बायको, जी जन्मभर तोंडावर बोलत आली, तीच म्हणाली, "राहू द्या ना."

"काय?"

"दीड वर्ष झालं. त्याने नवा घेतला, तो विसरला. कशाला उकरून काढायचं? झाकली मूठ झाकलेली बरी. एकदा का रस्त्यावर बभ्रा झाला की कोण येईल तुमच्याकडे?"

तिचं खोटं नव्हतं. शब्द गेला तर या जिन्याखाली राहतं काय? दोन पंखे. कानसेन खाली बसले. कपाळ दुखत होतं.

"दमलो गं मी," ते म्हणाले. "कान लावून लावून दमलो. कुणी आत आलं की आधी त्याचं तोंड बघायचं, मग अंदाज करायचा, मग हसायचं. अंदाज चुकला की पुन्हा हसायचं. आता हे लपवायचं काम आणखी वर नको. माझ्याने नाही व्हायचं."

आणि उठून गेले.

औषधाच्या दुकानात दुपारची शांतता होती. औषधवाला पेपर वाचत होता. त्याची बायको काउंटरच्या आतल्या बाजूला बसून छोट्या छोट्या चिठ्ठ्यांवर लिहीत होती: सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर. बाजूला लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा ढीग.

कानसेनांनी कागद उघडून बोर्ड काउंटरवर ठेवला. "हा तुझा. हा गेला नव्हता. मी चुकीचं सांगितलं."

औषधवाल्याने पेपर खाली केला. "कुठला हा?"

"दीड वर्षापूर्वीचा. तो ओरडत होता. मला ऐकू आला नाही. मला ऐकू कमी येतं." शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या मोठ्याने म्हटलं की समोरच्या फुटपाथवरच्या माणसाने वळून पाहिलं.

औषधवाला काही बोलायच्या आत त्याच्या बायकोने पेन ठेवलं. "म्हणजे चिठ्ठ्या छापायचा तो जुना प्रोग्रॅम, जो नव्या मशीनवर चालत नाही म्हणून मी दीड वर्ष हाताने लिहितेय, तो याच्यावर चालला असता?"

"हो, वहिनी."

"हा अंगठा बघा." तिने अंगठा कानसेनांच्या नाकासमोर धरला. मुळाशी पट्टी बांधलेली होती. "रात्री झोप लागत नाही याने. बोर्ड गेला म्हणे! माझा अंगठा गेला!"

कानसेन मान खाली घालून उभे राहिले. तिचं एकही अक्षर त्यांच्या कानातून निसटलं नाही, रागावलेलं माणूस फार स्पष्ट बोलतं.

औषधवाला मात्र वेगळ्याच गोष्टीवर अडकला होता. "थांब, थांब. म्हणजे सकाळी मी शटर उघडताना हाक मारतो, ती तुला ऐकू येत नाही?"

"कधी मारतोस?"

"कधी मारतोस म्हणे! रोज! अरे, आम्ही समजलो तुला माज चढला. हिला म्हटलंसुद्धा, मुलगी मोठ्या पगारावर लागली, आता हा आपल्याला कशाला ओळख देतोय."

"मला वाटलं तूच बोलायचं सोडलंस," कानसेन म्हणाले.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. दीड-दोन वर्षं दोन म्हातारे एका भिंतीच्या दोन बाजूंना रुसून बसले होते, आणि दोघांनाही रुसवा कशाचा ते माहीत नव्हतं.

"आणि आता दुकान?" औषधवाल्याने विचारलं, आता सावकाश, तोंड समोर धरून. "बंद करणार?"

"का म्हणून? डोळे आहेत. हात आहेत. ऐकण्यापुरतं गिऱ्हाइकाला सांगेन, तुम्ही मोजा."

"लोकांच्या कानांवर धंदा करणार?"

"तू डॉक्टरांच्या अक्षरावर करतोसच ना? तुला तरी कुठे वाचता येतं ते?"

औषधवाला हसला. त्याची बायको हसली नाही. "ते सगळं नंतर," ती म्हणाली, "हा बोर्ड आधी जुन्या डब्यात घाला. डबा मागच्या खोलीत आहे. सोमवारपासून मी एकही चिठ्ठी हाताने लिहिणार नाही." तिने अंगठा चोळला, आणि थोड्या वेळाने, कानसेनांकडे न बघता, "चहा घेणार का?" असं इतक्या मोठ्याने विचारलं, की ते नाही म्हणू शकले नाहीत.

परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. बायकोने डबा पुन्हा झाकून ठेवला होता. त्यांना भूक नव्हती, तरी बसले आणि गार भाजी खाऊ लागले.

"काय म्हणाले?"

"वहिनी चिडल्या. तो नाही."

"आणि?"

"आणि काय. सांगितलं."

बायकोने पाण्याचा पेला पुढे सरकवला. मग त्यांच्या समोर येऊन, तोंड सरळ त्यांच्याकडे करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "कान दाखवायला जायचं का?"

दोन वर्षांत हा प्रश्न तिने शंभर वेळा विचारला असेल, आणि शंभर वेळा त्यांनी टीव्ही मोठा केला असेल. आज हाताशी टीव्ही नव्हता आणि अंगात त्राणही नव्हतं.

"उद्या सकाळी," ते म्हणाले. "तूही चल."

"मी कशाला?"

"डॉक्टर काय म्हणतात ते ऐकायला कुणीतरी नको?"